रक्तदाब, वय आणि स्मृतिभ्रंश : एका कार्यकारणसंबंधाची चिकित्सा

१९९६ साली स्वीडनमधील दोन पाहण्यांचे निष्कर्ष लंडनच्या दोन प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांत थोड्याच आठवड्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. पहिली पाहणी स्टॉकहोम शहराच्या कुंग्सहोल्मेन विभागातील होती. तीत ७५ ते १०१ वर्षे वयाच्या १,६४२ व्यक्तींचा रक्तदाब मोजून त्यांची बौद्धिक तपासणी करण्यात आली, आणि ज्यांचा वरचा दाब १४० मि.मी. किंवा त्याहून कमी होता त्यांच्यात स्मृतिभ्रंश अधिक प्रमाणात आढळला. दुसरी पाहणी गोथेनबर्ग येथील. तीत सत्तराव्या वर्षी बुद्धीने धडधाकट असलेल्या ३८२ व्यक्तींचा पंधरा वर्षे मागोवा घेण्यात आला होता. त्यांपैकी ज्यांना ७९ ते ८५ या वयात स्मृतिभ्रंश जडला, त्यांचा सत्तराव्या वर्षीचा वरचा दाब सरासरी १७८ होता. जे या रोगापासून मुक्त राहिले त्यांचा १६४ होता. देश एक, साल एक, रोगही एकच. परंतु एका निबंधात कमी दाब हा रोगाचा सोबती म्हणून दिसतो, तर दुसऱ्यात जास्त दाब हा त्याचा अग्रदूत ठरतो.

वरवर पाहता हा सरळ विरोध आहे, आणि पुढील काही वर्षे अनेक लेखकांनी तो तसाच मानून आपापल्या सोयीचा निबंध उद्धृत केला. वस्तुतः विरोधाचा उलगडा गोथेनबर्गच्या निबंधातच होता. ज्यांना पुढे रोग झाला त्यांचा दाब सत्तरीत इतरांपेक्षा जास्त होता खरा. पण रोग प्रकट होण्याच्या आधीच्या वर्षांत तो उतरत गेला, आणि अखेरीस निरोगी समवयस्कांच्या बरोबरीला किंवा त्याहूनही खाली आला. म्हणजे स्टॉकहोमच्या संशोधकांनी टिपले ते एका दीर्घ कथेचे शेवटचे पान होते. त्या संशोधकांना न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, कमी दाब हा बहुधा रोगप्रक्रियेचाच परिणाम असावा, ही शक्यता त्यांनी स्वतःच पुढे मांडली होती. सावधपणा मूळ लेखकांनी दाखविला. तो गमावला गेला उद्धरणांच्या साखळीत. शास्त्रीय वाङ्मयात असे नेहमीच घडते, आणि या विषयात ते जरा जास्तच घडले आहे.

येथे संज्ञेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. स्मृतिभ्रंश हा शब्द मराठी वाचकाला गीतेपासून परिचित आहे. तेथे तो मनोविकारांच्या परंपरेतील एक पायरी म्हणून येतो. वैद्यकाने तोच शब्द उचलला तो एका व्यापक अवस्थेसाठी. तीत स्मरणाबरोबर भाषा, निर्णयशक्ती, दिशाज्ञान आणि अखेर नित्याचे व्यवहार करण्याची पात्रता हीही लोप पावतात. या अवस्थेची कारणे अनेक आहेत. मेंदूत अमायलॉइड व टाऊ या प्रथिनांचे विकृत साठे होणारा अल्झायमरचा रोग हे त्यांतील सर्वांत वारंवार आढळणारे कारण; मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार हे त्याच्या खालोखाल. वृद्धांच्या मेंदूत ही दोन्ही कारणे बहुधा एकत्र नांदतात, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने ही अवस्था वयाच्या खात्यावर टाकून दिली. लोकव्यवहाराला तेवढे पुरते. कारणांचा शोध घेणाऱ्याला पुरत नाही.

प्रश्न असा मांडला पाहिजे : दाब कोणत्या वयात मोजला, आणि मोजणी व रोगनिदान यांत किती वर्षे गेली? हे दोन आकडे ज्या निबंधात नाहीत, त्या निबंधातील ‘संबंध’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. स्मृतिभ्रंश हा एका दिवसात जडणारा रोग नव्हे. अल्झायमरच्या रोगात मेंदूतील विकृती लक्षणांच्या दहा-वीस वर्षे आधीपासून साठत असते. त्या काळात माणसाचे वजन घटते, हालचाल मंदावते, मेंदूतील ज्या केंद्रांवर रक्तदाबाचे नियमन अवलंबून आहे त्यांपैकी काहींचा ऱ्हास होतो. या सर्वांनी दाब उतरतो. म्हणून निदानाच्या दोन-चार वर्षे आधी मोजलेला कमी दाब हे कारण, की अद्याप नाव न मिळालेल्या रोगाची सावली, हे त्या एका मोजणीवरून ठरविता येत नाही.

या दृष्टीने होनोलुलूच्या पाहणीचे मोल असाधारण आहे. १९६५ साली हवाई बेटांपैकी ओआहू येथे जपानी वंशाच्या, १९०० ते १९१९ या काळात जन्मलेल्या ८,००६ पुरुषांची नोंद हृदयविकाराच्या अभ्यासासाठी करण्यात आली. त्या वेळी स्मृतिभ्रंशाचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. १९९१ पासून त्यांपैकी हयात असलेल्या ३,७३४ जणांची बौद्धिक तपासणी सुरू झाली, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या नोंदवह्यांना अनपेक्षितपणे नवा अर्थ प्राप्त झाला. मध्यम वयातील वरचा दाब दर दहा मिलिमीटरांनी वाढला, की उतारवयात बौद्धिक क्षमता निकृष्ट ठरण्याचा धोका सुमारे नऊ टक्क्यांनी वाढत होता, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने दाखविले. २००० साली पुढची पायरी आली : ज्यांनी दाबावर कधीच औषध घेतले नव्हते त्यांच्यात मध्यम वयातील उच्च दाब आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध ठळक होता, ज्यांनी घेतले होते त्यांच्यात तो दिसत नव्हता. पुढे २००९ साली याच समूहाच्या बत्तीस वर्षांच्या मोजण्या एकत्र मांडण्यात आल्या. ज्यांना रोग झाला त्यांचा दाब मध्यम वयापासून इतरांहून अधिक चढत गेला आणि अखेरच्या वर्षांत इतरांहून अधिक उतरला. गोथेनबर्गच्या पंधरा वर्षांत जी रेषा पुसट होती ती येथे स्पष्ट झाली.

औषध न घेतलेल्यांचा गट एवढा मोठा का होता, हे समजण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. रक्तदाब उतरविणे हितकारक की घातक याविषयीच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकमत नव्हते. कठीण झालेल्या रोहिणींतून रक्त पुढे ढकलण्यासाठी चढा दाब शरीराला आवश्यकच असतो, असे मानणारे नामवंत वैद्य होते. त्या समजुतीचा अवशेष उच्च रक्तदाबाच्या इंग्रजी नावाला जोडलेल्या ‘आवश्यक’ या अर्थाच्या विशेषणात अजून टिकून आहे. उपयुक्त औषधेही फार नव्हती. त्यांपैकी आरंभीच्या एकाची कीर्ती मुंबईहून जगभर गेली : डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या उपयोगाविषयीचा आपला निबंध १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात प्रसिद्ध केला. तरीही उपचाराने प्राण वाचतात याचा नियंत्रित प्रयोगाचा पुरावा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून १९६७ आणि १९७० साली येईपर्यंत बहुसंख्य रुग्ण औषधाविनाच राहिले. होनोलुलूचे पुरुष या संधिकाळातील आहेत. आज उच्च दाबाच्या माणसांना पंचवीस वर्षे औषधाविना ठेवून निरीक्षण करणे नीतीला धरून होणार नाही. म्हणून ही नोंद पुन्हा निर्माण होणारी नाही, आणि तिच्या मर्यादा सुधारूनही घेता येणार नाहीत. तीत एकही स्त्री नाही, ही त्यांतील सर्वांत मोठी मर्यादा होय.

लंडनमधील सरकारी नोकरांची, व्हाइटहॉलच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी पाहणी या प्रश्नावर अलीकडे वारंवार उद्धृत केली जाते. तिच्या २०१८ सालच्या निबंधात ८,६३९ व्यक्तींचा दाब १९८५ ते २००३ या काळात चार वेळा मोजलेला होता. २०१७ पर्यंत ३८५ जणांना स्मृतिभ्रंश झाला. पन्नासाव्या वर्षी वरचा दाब १३० किंवा अधिक असणाऱ्यांना धोका १.३८ पट होता. साठाव्या व सत्तराव्या वर्षीच्या दाबाशी मात्र असा संबंध आढळला नाही. यावरून ‘पन्नाशी हेच निर्णायक वय’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. साठीत संबंध सिद्ध न होणे आणि साठीत संबंध नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सत्तराव्या वर्षी मोजलेल्यांना पुढे निरीक्षणाची वर्षे कमी मिळाली, आणि त्या थोड्या वर्षांत रोगाच्या सावलीने उतरलेले दाब मूळच्या चढ्या दाबांत मिसळले. शिवाय येथे निदान रुग्णालयांच्या व मृत्यूंच्या सरकारी नोंदींवरून घेतले आहे. घरातल्या घरात विसरत गेलेले, कधी रुग्णालयात न पोहोचलेले वृद्ध त्यात आलेच नाहीत. एवढे मान्य करूनही, पन्नाशीतील १३० हा आकडा, जो अनेक चिकित्सक अजून निरुपद्रवी समजतात, तोही निर्दोष नसावा ही सूचना या पाहणीने दिली, हे तिचे श्रेय आहे.

दाबाची पातळी महत्त्वाची, की तिचा चढउतार? फ्रेमिंगहॅमच्या १,४४० व्यक्तींवरील २०१७ सालच्या निबंधात मध्यम वयातील चढ्या दाबाबरोबर, मध्यम वयाकडून उतारवयाकडे जाताना झालेली तीव्र घटही धोक्याशी निगडित दिसली. अमेरिकेतील चार वसाहतींवर आधारलेल्या दुसऱ्या पाहणीने २०१९ साली हाच मुद्दा अधिक नेटका मांडला : मध्यम वयात व उतारवयात दोन्ही वेळा चढा दाब असणाऱ्यांना, दोन्ही वेळा सामान्य दाब असणाऱ्यांच्या तुलनेने, धोका १.४९ पट होता. मध्यम वयात चढा आणि उतारवयात फार कमी दाब असणाऱ्यांना १.६२ पट. हा दुसरा आकडा चिकित्सकाला अस्वस्थ करणारा आहे. तो घसरणीच्या घातकतेचा पुरावा मानला, तर ऐंशीच्या वृद्धाचे औषध कमी करावे लागेल. तो सावलीचा पुरावा मानला, तर औषध कमी केल्याने काहीच साधणार नाही. तिसराही अर्थ संभवतो. दीर्घकाळ चढ्या दाबाखाली राहिलेल्या मेंदूच्या वाहिन्या जाड व ताठर होतात, आणि कमी दाबातही मेंदूला पुरेसे रक्त पुरवीत राहण्याचे त्यांचे कौशल्य क्षीण होते; अशा मेंदूला सामान्य माणसाला सोसणारी घटही सोसत नाही. या तिन्ही अर्थांपैकी एकाची निवड निरीक्षणात्मक पाहणी करू शकत नाही. ती करता येते असा आव मात्र बऱ्याच निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात आणलेला असतो.

दाब मेंदूत नेमके काय करतो याचे उत्तर १९४६ सालच्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात जन्मलेल्या ब्रिटिश मुलांनी दिले. जन्मापासून नोंद ठेवलेल्या या समूहातील ५०२ जणांपैकी बहुतेकांचे सत्तरीच्या सुमारास मेंदूचे चित्रण करण्यात आले, आणि २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छत्तीस ते त्रेचाळीस या वयात ज्यांचा दाब अधिक वाढला त्यांचा मेंदू सत्तरीत आकाराने लहान होता. त्रेपन्नाव्या वर्षी ज्यांचा दाब चढा होता त्यांच्या मेंदूतील श्वेतद्रव्यात सूक्ष्म वाहिन्यांच्या विकाराच्या खुणा अधिक होत्या. अमायलॉइडच्या साठ्याशी मात्र दाबाचा कोणत्याच वयात संबंध आढळला नाही. हा नकारात्मक निष्कर्ष या सर्व वाङ्मयातील अत्यंत मौल्यवान निष्कर्षांपैकी एक होय. १८९४ साली ओटो बिन्सवांगर यांनी वर्णिलेला श्वेतद्रव्याचा ऱ्हास आणि १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी ट्यूबिंगेन येथे मांडलेला रोग या दोन वाटा वेगळ्या आहेत, आणि दाब पहिल्या वाटेने चालतो असे त्यावरून दिसते. दोन्ही वाटा एकाच मेंदूत मिळाल्या म्हणजे काय होते, ते अमेरिकेतील जोगिणींच्या शवविच्छेदनांवर आधारलेल्या १९९७ सालच्या निबंधात पाहावयास मिळते. अल्झायमरची विकृती ज्यांच्या मेंदूत होती, त्यांच्यातही रक्तपुरवठा तुटून मृत झालेले लहान लहान भाग ज्यांना होते त्या हयातीत अधिक संख्येने स्मृतिभ्रष्ट झालेल्या होत्या. म्हणून ‘उच्च दाबाने अल्झायमर होतो’ हे विधान सैल आहे. ‘उच्च दाबाने जखमी झालेल्या मेंदूत अल्झायमरची विकृती लवकर उघडी पडते’ हे अधिक सावध आणि पुराव्याला अधिक धरून आहे. वंशसूत्रांच्या आधारे कार्यकारण शोधणाऱ्या २०१५ सालच्या अभ्यासात चढ्या दाबाच्या जन्मजात प्रवृत्तीबरोबर अल्झायमरचा धोका उलट कमी दिसला, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. पण जन्मजात उच्च दाबाचे अनेक लोक अल्झायमरच्या वयापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि जे पोहोचतात त्यांनी बहुधा आयुष्यभर औषध घेतलेले असते. त्या विसंगतीत आश्चर्यापेक्षा गणित अधिक आहे.

आता प्रयोगांकडे वळावे. येथे उत्साहाने पुराव्याला फार मागे टाकले होते. युरोपातील वृद्धांवरील ज्या चाचणीने १९९८ साली ‘स्मृतिभ्रंश निम्म्याने कमी’ अशी वार्ता दिली, तीत २,४१८ व्यक्तींपैकी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात २१ आणि औषध घेणाऱ्या गटात ११ रुग्ण होते. एकूण बत्तीस रुग्ण! तीन-चार निदाने इकडची तिकडे झाली असती तर ती वार्ता उरली नसती. ऐंशीच्या पुढील ३,३३६ व्यक्तींवरील २००८ सालच्या चाचणीत धोका ०.८६ इतका उतरला, पण विश्वासमर्यादा ०.६७ ते १.०९ अशी एकाच्या पलीकडे गेली. ती चाचणी मृत्यू कमी झाल्यामुळे वेळेआधीच थांबविण्यात आली होती. अमेरिकेतील ९,३६१ व्यक्तींवर वरचा दाब १२० खाली आणणाऱ्या चाचणीचेही तसेच झाले : हृदयाला झालेला लाभ इतका स्पष्ट ठरला की सुमारे सव्वातीन वर्षांत उपचार थांबवावा लागला. २०१९ सालच्या तिच्या अहवालात सौम्य बौद्धिक क्षीणता कमी झाली, तर खुद्द स्मृतिभ्रंशाचे रुग्ण १४९ विरुद्ध १७६, म्हणजे सांख्यिकीदृष्ट्या अनिर्णीत राहिले. ज्या रोगाला घडण्यास वीस वर्षे लागतात त्याची चाचणी सत्तरीत सुरू करून तीन-चार वर्षांत संपविली, तर याहून वेगळे काय हाती लागणार? हृदयरक्षणातील यशाने मेंदूविषयीचे उत्तर अर्ध्यावर तोडले, हा या प्रयोगांचा विचित्र दैवयोग आहे.

दुसरी त्रुटी गळतीची. १९९१ सालच्या अमेरिकी वृद्धांच्या चाचणीत उपचाराचा बुद्धीवर परिणाम दिसला नाही. दहा वर्षांनी त्याच आकडेवारीची पुनर्तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की बौद्धिक तपासणीला न आलेले लोक निष्क्रिय गोळीच्या गटात अधिक होते, आणि न येणाऱ्यांची प्रकृती येणाऱ्यांहून वाईट होती. जो विसरू लागतो तोच तपासणीला यावयाचे टाळतो वा विसरतो. मग उपचार न मिळालेल्यांचा गट कागदावर आहे त्यापेक्षा शहाणा दिसतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने या विषयावरील कोणताही प्रयोग वाचताना प्रथम गळतीचे कोष्टक पाहावे, नंतर सारांश.

पाच चाचण्यांतील व्यक्तिशः आकडे एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाने, २८,००८ व्यक्ती व ८६१ रुग्ण यांच्या आधारे, उपचाराने धोका सुमारे तेरा टक्क्यांनी उतरतो असे दाखविले. पण विश्वासमर्यादेचे वरचे टोक ०.९९ वर टेकलेले आहे. अधिक भक्कम उत्तर आले ते २०२५ साली चीनमधील ३२६ खेड्यांतून. तेथे चाळीस वा त्याहून अधिक वयाच्या, उच्च दाबाच्या ३३,९९५ ग्रामस्थांपैकी निम्म्या खेड्यांतील लोकांवर गावच्या वैद्यांनी, म्हणजे पूर्ण वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक आरोग्यसेवकांनी, ठरीव पद्धतीने उपचार केले. दोन गटांच्या वरच्या दाबात बावीस मिलिमीटरांचा फरक पडला, आणि चार वर्षांत स्मृतिभ्रंश पंधरा टक्क्यांनी कमी झाला. एवढा फरक इतर कोणत्याही मोठ्या चाचणीत साधला नव्हता. तरी या यशाचे सर्व श्रेय दाबाला देता येत नाही, कारण वैद्य केवळ गोळ्या देत नव्हते. ते मीठ कमी करण्यास, वजन उतरविण्यास सांगत होते आणि वारंवार भेटत होते. कोणत्या खेड्याला उपचार मिळतो हे लपविणेही शक्य नव्हते. व्यवहाराच्या दृष्टीने हे दोष गौण आहेत. खेड्यातील आरोग्यसेवक जे देईल ते एकत्रच देणार, आणि एकत्र दिलेल्याचा परिणाम येथे मोजला गेला. शास्त्राच्या दृष्टीने मात्र ते गौण नाहीत.

भारतात साठीच्या पुढील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. तो ज्या राष्ट्रव्यापी वार्धक्य-पाहणीच्या उपशाखेतून आला, तिच्या मुख्य पाहणीत २०१७ सालापासून ४५ वर्षांपुढील व्यक्तींचा दाब मोजलेला आहे. म्हणजे ज्यांना आज रोग आहे त्यांच्या चाळिशी-पन्नाशीतील दाबाची नोंद या पाहणीत नाही, आणि ज्यांची नोंद आहे त्यांचे रोगाचे वय अजून यावयाचे आहे. तोवर वृद्धांच्या आजच्या दाबाची त्यांच्या आजच्या बुद्धीशी सांगड घालणारे निबंध लिहिले जातीलच. ते सोपे आहेत, आणि आकडे हाताशी आहेत. त्यांचे वाचन स्टॉकहोमच्या निबंधासारखेच झाले पाहिजे, आणि त्या निबंधाच्या लेखकांनी जपलेला सावधपणा त्यांच्या लेखकांकडून मागितला गेला पाहिजे. २०१७ साली पंचेचाळिशीत दाब मोजून घेतलेली पहिली व्यक्ती २०३२ साली साठ वर्षांची होईल.